उलट्या पिळाचा दोर

बाबांचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेतलं मुलीच्या मामाचं नाव दुरुस्त करत होते. बाबा फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नाहीत, थेट मुद्द्यावर येतात. “करुणा गेली,” ते म्हणाले. त्यांच्या मागे कुणाच्या तरी शेतातली मोटार चालू होती. “तू घाई करू नोको. सुखानं ये. आता कायची घाई.” मी नाव दुरुस्त केलं, कागद मालकांच्या टेबलावर ठेवला आणि बसस्टँडवर आले. वाशीमला गाडी बदलली. इंझोरीला उतरले तेव्हा आमच्या घरापुढे पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती आणि ओसरीवर, भिंतीला टेकवून, निळी फळी उभी होती. आत्याच्या शेवटच्या वर्षात गावाने सगळ्यात जास्त बघितलेली वस्तू. कुणी तरी तिच्यावरची धूळ पुसून ठेवली होती.

करुणा म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या शोकसभेला, गावोगावचे लोक आले. बोलले, रडले, आणि जवळपास प्रत्येकाच्या तोंडी एक शब्द होता... ‘बिचारी’. लग्न केलं नाही, बिचारी. ऐन उमेदीत कॅन्सर झाला, बिचारी. मी ऐकून घेतलं, कारण शोकाच्या घरी भांडू नये एवढं मला कळतं. पण आता काही आठवडे गेले आहेत आणि हा लेख मी त्या एका शब्दाच्या विरोधात लिहिते आहे. आत्या जे करायला निघाली होती ते करून गेली. असं किती जणांबद्दल म्हणता येतं?

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं उशिरा आली. त्याआधी पत्रकं होती. आजोबा सभेला गेले की पिशवीत पत्रकं घेऊन येत, आणि ती फडताळात वर्षानुवर्षं रचून ठेवलेली असत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. त्यामुळे पहिलीत मला ‘जाहीर’ आणि ‘निर्धार’ हे शब्द धडाधड वाचता येत आणि ‘ससा’ला मी अडखळत असे. आत्याही त्याच फडताळातून वाढली, पण तिच्यावर परिणाम वेगळा झाला. मला पत्रकातला आवाज आवडला, तिला पत्रकातली शेवटची ओळ. म्हणजे, अमुक दिवशी अमुक ठिकाणी या. “बाकी वरचं सगळं ठीक हाय,” ती म्हणायची, “पन मानसाले जायचं कुठं अन् करायचं काय, ते खालीच लिवलेलं असते.” मी कॉलेजात भाषणं ठोकायला लागले तेव्हा ती समोरच्या रांगेत बसून शेंगदाणे खायची आणि घरी येताना विचारायची, “हं. मंग सोमवारपासून काय?”

ती कृत्रिम पाय बनवायला शिकली. कोकण किनाऱ्यावरच्या एका इस्पितळात त्या विभागात तिला नोकरी लागली. समुद्र तिने तोवर पाहिलेला नव्हता, आणि पाहिल्यावर घरी फोन करून जे सांगितलं ते बाबा अजून सांगतात. “दादा, लय पानी हाय. पन पिकाच्या कामाचं नाई.” तिथे तिने बरीच वर्षं काढली. तिचं सगळं लक्ष पावलावर असायचं. लाकडी पाऊल माणसाला उभं करतं पण चालवत नाही, असं तिचं म्हणणं. टाच टेकल्यावर पाऊल थोडं दबलं पाहिजे, आणि बोटांवर भार आला की उसळून परत आलं पाहिजे. दबणं आणि परतणं. आपण चालताना हे घोटा करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

तिथेच तिला नेत्रा भेटली. नेत्रा मच्छीमारांच्या घरची. पर्यटकांना लाटेवर उभं राहायला शिकवायची, सर्फिंगचं काम. रस्त्यावरच्या अपघातात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आत्याने तिला पाय करून दिला. ती चालली, होडीत चढली, बाजारात मासे विकून आली. आणि एक दिवस इस्पितळात येऊन पाय काढून आत्याच्या टेबलावर ठेवला. “ताई, ह्यानी मी चलतंय. पण लाटेवर वळाक जमत नाय.” उभी राहायची, सरळ यायची, वळायला गेली की पडायची. वळायचं म्हणजे पायाने फळी एका कडेला दाबायची, ते काम घोट्याचं. आणि घोटा तर तिला नव्हता. आत्याने पाय बदलून पाहिला, पाऊल मऊ केलं, कडक केलं. नाही जमलं. खाऱ्या पाण्यात पावलाचं रबर फुगायचं आणि नेत्रा आदळायची.

मग आत्याने असा विचार केला, जो मला आजही थक्क करतो. पायाला घोटा देता येत नसेल, तर फळीला द्यावा.

नेत्राची फळी ‘फिश’ प्रकारची होती. बुटकी, रुंद, आणि मागे माशाच्या शेपटीसारखी मधोमध दुभंगलेली. तिच्या पोटाखाली, शेपटीच्या दोन टोकांपाशी, दोन फिन असतात, माशाच्या परांसारख्या. त्या पाणी धरतात, म्हणून फळी घसरत नाही. पण बाजारातल्या बहुतेक फिन ताठ असतात. पाण्याने ढकललं तरी वाकत नाहीत, म्हणून वळवायचा सगळा जोर माणसाच्या घोट्यावर येतो. आत्याला हवी होती वाकणारी फिन. बुडाशी घट्ट, टोकाकडे लवचीक. माणसाने नुसती कंबर कलती केली की टोक दबेल, आणि सोडलं की उसळून फळीला पुढे ढकलेल. तेच, टाच आणि बोटं. सोपं वाटतं. तिने रबराची फिन केली, ती पाण्यात कोथिंबिरीच्या देठासारखी लवली आणि तशीच राहिली. दबत होती, परतत नव्हती.

एवढ्यात तिचं दुखणं निघालं. अकोल्याला उपचार सुरू झाले आणि ती इंझोरीला, आमच्याकडे राहायला आली. डोक्यावर केस नव्हते, बाबांचा जुना शर्ट अंगात, आणि सोबत एका टेम्पोतून आलेलं सामान. काचेच्या धाग्यांचं कापड, ओतल्यावर वाळून घट्ट होणाऱ्या रेझिनचे डबे, शिकंजे, आणि नेत्राची निळी फळी. गावाला वाटलं दरवाजा आहे.

“करुणाबाई, बिनकडीचा दरवाजा कायले आनला?” गुलाबराव काकांनी विचारलं. ते आमचे शेतशेजारी. जुन्या वळणाचे, मोठ्या जमिनीचे, बाबांना अजूनही नुसतं ‘गौतम’ म्हणणारे, आणि आमच्या घरी चहा प्यायला लागून फार वर्षं न झालेले.

“दरवाजा नाई काका, मासा हाय,” आत्या म्हणाली.

“खायचा का?”

“बसाचा.”

काका बराच वेळ फळीकडे पाहत राहिले. “दुखन्यानं मानसाचं असं होते,” ते बाबांना हळूच म्हणाले, पण आत्याला ऐकू जाईल इतपत.

परतणारा धागा तिला आमच्याच बांधावर सापडला. आमच्याकडे तुरीच्या कडेने अंबाडी पेरतात. पानांची आंबट भाजी होते, ती भाकरीबरोबर आत्याला इतकी आवडायची की उपचारांमुळे तोंडाची चव गेली तेव्हाही ती मागून घ्यायची, “जिभेले नाई तर डोयाले तरी.” अंबाडीची ताटं वाळली की नाल्यात भिजवतात, साल सोलतात, आणि त्या वाखाचे दोर वळतात, पोळ्याला बैलांना नवे कासरे लागतात म्हणून. बाबा ओसरीवर कासरा वळत बसले होते. आत्याने त्यांच्या हातातला अर्धा वळलेला दोर घेतला, वाकवला, सोडला. पुन्हा वाकवला. “दादा,” ती म्हणाली, “हे परत येते.”

दोरांचं काम गुलाबरावांकडे गेलं, कारण दोर म्हटला की गावात गुलाबराव. मांडीवर तळव्याने वाख असा फिरवतात की बघत राहावं. “माशाले वेसन घालता का?” त्यांनी विचारलं. पण बारीक, एकसारखे दोर वळून दिले. आत्याने ते फिनच्या आकारात बुडापासून टोकापर्यंत शेजारी शेजारी मांडले, बुडाशी काचेच्या कापडाचे थर दिले, वर मऊ राहणारं रेझिन ओतलं. मागची खोली तिची झाली. तिथे नाक झोंबणारा वास असायचा आणि आई रोज म्हणायची, “ह्या वासानं तर चांगला मानूसही आजारी पडन,” आणि आत्या म्हणायची, “म्हनूनच मी करून राह्यली वहिनी. मले आता दुसरं काय होनार.”

फिन झाली, तर ती तपासायची कुठे? समुद्रापर्यंतचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. वाशीम जिल्ह्यात लाट कुठून आणायची? या प्रश्नावर गावातलं कुणीही हसलं असतं. पण आत्या लहानपणी कालव्यात पोहायला शिकली होती, आणि तिला ‘उडी’ आठवली. गुलाबरावांच्या शेताला लागून कालवा एकदम खाली उतरतो, त्या जागेला गाव उडी म्हणतं. रब्बीच्या पिकांसाठी पाण्याची पाळी सुटली, कालवा काठोकाठ वाहू लागला की तिथे पाणी खाली झेपावतं आणि पुढे पुन्हा वर उसळून एका जागी उभं राहतं. पाणी पुढे जातं, लाट तिथेच. समुद्राची लाट येते आणि संपते. आमची लाट पाळी असेपर्यंत ड्यूटीवर असते. फळी तिच्यावर ठेवली की तीही जागच्या जागी राहते, आणि काठावर बसलेल्या माणसाला फिनचं सगळं वागणं दिसतं. आजारी माणसाने प्रयोग करावा अशी याहून चांगली प्रयोगशाळा जगात कुठे असेल, मला सांगा.

काठावर आत्या लाट पाहत बसली तेव्हा गुलाबराव आले.

“काय करून राह्यल्या बाई?”

“लाट पाहून राह्यली.”

“पाह्यली ना? मंग जा घरी. ऊन लागन.”

“काका, एक पोरगी येनार हाय. ती ह्याच्यावर उभी राहीन.”

“पान्यावर?”

“पान्यावर.”

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “माह्या बांधावरून जायचं तर हरभरा तुडवू नोका. बाकी पान्यावर कोनी उभं राहो की झोपो.”

मी तिथेच होते आणि माझ्या डोक्यात एक आख्खं पत्रक तयार झालं होतं. ज्यांच्या आजोबांना पाण्याला हात लावण्यासाठी लढावं लागलं, त्यांची लेक आज त्या पाण्यावर माणूस उभं करायला निघाली आहे, वगैरे. मी ते मोठ्याने बोलायला सुरुवातही केली. आत्या म्हणाली, “बरोबर हाय पोरी, सगळं बरोबर हाय. अन् हे टायर त्या झाडाले बांध, ती वाहून गेली तर पकडायले पायजे.”

नेत्रा कारंजापर्यंत बसने आली आणि तिथून काळीपिवळी जीपने. उतरली ती खांद्यावर पिशवी आणि चेहऱ्यावर धूळ. “ताई, ह्यो कसलो गाव? वारो गरम, माती काळी, आणि समुद्र खंय?” आत्याने तिला थेट उडीवर नेलं. नेत्रा लाटेकडे पाहून हसायलाच लागली. “ही तर पळतच नाय. बांधून ठेवलेली म्हैस जशी.”

कमरेला झटक्यात सुटणारा दोर, दोन्ही काठांवर माणसं, खाली झाडांना बांधलेले टायर. बाबा एका काठावर, गुलाबराव दुसऱ्या. ते नुसते बघायला आले होते, पण कुणी तरी त्यांच्या हातात दोराचं टोक दिलं. नेत्रा आडवी होऊन लाटेवर गेली, उठली, उभी राहिली. गावातल्या बायका धुणं सोडून आल्या. तिने कंबर डावीकडे कलती केली आणि फळी अशी सफाईने वळली की आत्याने माझा हात इतका आवळला, वळ उठले. मग नेत्रा उजवीकडे कलली... आणि फळी वळलीच नाही. उलट डावीकडेच ओढली गेली. नेत्रा पडली. टायरांनी तिला अडवलं.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. डावीकडे लोण्यासारखी, उजवीकडे हट्टी. एक दिवस, दुसरा दिवस. आत्याने फिनची जागा बदलली, बुडाचा थर वाढवला, काही फरक नाही. गावात कुणी म्हणालं, मासा आहे, घराकडे ओढतो. डावीकडे आमचं घर होतं. पण नेत्राचं हसणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी ती काठावर बसून पाय काढून पुसत होती. तो पाय उजवा होता. “ताई, तुमची फिन चांगली असा,” ती म्हणाली. “माझोच पाय तो. उजवीकडे माका जमणारच नाय. मी आता जातंय घराक. तुम्ही पण आराम करा.”

त्या वाक्यावर सगळं अडलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. उन्हाळ्यात तिच्या किनाऱ्यावर स्पर्धा होती आणि तिला त्यात उतरायचं होतं. पण ती गोष्ट वेगळी. एकदा तिने मनाशी मान्य केलं असतं की दोष पायाचा, तर ती आयुष्यभर सरळ येत राहिली असती. आणि आत्याकडे दुसरा हिवाळा नव्हता. दोघींनाही ते माहीत होतं.

“उद्या जा,” आत्या म्हणाली. “आज भाजी खा.”

सकाळी तिने मला खोलीत हाक मारली. दोन्ही फिन शिकंज्यात शेजारी शेजारी उभ्या लावल्या होत्या आणि दोघींच्या टोकांना एकसारखे दगड बांधून लोंबकळत सोडले होते. “पाह्य, नीट पाह्य.” मी पाहिलं. दोन्ही टोकं खाली वाकली होती, आणि वाकताना किंचित पिळवटून दोन्ही एकाच बाजूला वळली होती. जशा दोन बाया एकाच भांडणाकडे मान वळवून बघतात. नेत्रा दारात उभी होती. आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली, “मी जन्मभर पाय बनवले. डावा वेगळा, उजवा वेगळा, हे मले कोनी सांगायले पायजे का? अन् इथं मी तुले दोन डावे पाय देले.”

दोष दोराचा होता. आमच्याकडे दोर एकाच बाजूला वळतात. हात तसाच जातो, बापाचा गेला तसा लेकाचा. गुलाबरावांचे सगळे दोर एकाच पिळाचे होते, म्हणून भार आला की दोन्ही फिन एकाच बाजूला पिळायच्या. समुद्राकाठच्या कुणाकडून ही चूक झाली नसती, कारण त्यांनी पोळ्याचे दोर फिनमध्ये घातलेच नसते. आणि समुद्राकाठच्या कुणाला ही फिनही सुचली नसती. एक फिन उलट्या पिळाची हवी, म्हणजे जोडी समोरासमोर तोलेल. बस, एवढंच.

एवढंच, पण गुलाबराव बसल्या जागेवरून उठले. “नाई. उलट्या पिळाचा दोर तिरडीले असते. जित्या मानसाच्या कामाचा नाई.”

मला राहवलं नाही. पत्रकांतलं सगळं माझ्या तोंडात आलं, अंधश्रद्धा, गुलामी, सगळं. आत्याने एका हाताने मला थांबवलं. “भाषन ठेव जरा.” मग काकांकडे वळली. “काका, तुमाले कायची भीती वाटते?”

गुलाबराव जमिनीकडे बघत होते. “तू दुखन्यातली बाई. तुह्या खोलीत तसा दोर माह्या हातानं जायचा... मी नाई वळत करुणा. मले शिव्या दे, पन मी नाई वळत.” ‘करुणाबाई’ म्हणायचं ते विसरले होते.

मला वाटलं होतं ते आम्हाला अडवत आहेत, आणि ते तिला वाचवत होते. ती समजूत चूक होती, आजही मी तिला चूकच म्हणेन. पण चुकीच्या समजुतीतही माणूस कुणाच्या बाजूने उभा आहे, हे बघायला मी त्या दिवशी शिकले. पत्रकात ते नसतं.

“काका,” आत्या म्हणाली, “मी जाईन ते पोटातल्या गाठीनं जाईन. दोराच्या अंगावर कायले टाकता? त्यानं काय केलं तुमचं?” काका हसले नाहीत, पण निघूनही गेले नाहीत. ओसरीच्या खांबाला टेकून बसले.

वाख बाबांनी हातात घेतला. बाबा बौद्ध, अशा समजुती न मानणारे, तरी हात ऐकेना. मनाने उलटा फिरवायचे आणि जरा लक्ष हटलं की तळवा जुन्या वाटेने सरके. दोर मध्येच सैल पडायचा. उलगडायचा, पुन्हा. दुपार झाली. आईने ताट आणून ठेवलं ते तसंच निवलं. खांबापाशी बसलेले गुलाबराव डोळे मिटून असल्यासारखे होते, पण त्यांची बोटं बाबांच्या हाताबरोबर हलत होती. शेवटी ते न राहवून म्हणाले, “गौतमभाऊ, तसा नोको. मांडी बदल. दुसऱ्या मांडीवर घे, आपोआप उलटा येते.” स्वतः हात लावला नाही, युक्ती मात्र सांगितली. आणि ‘भाऊ’ म्हणाले, ते बाबांच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. माझ्या आलं.

मांडी बदलली आणि दोर आला.

नेत्रा थांबली. रेझिन वाळलं आणि पाळीचं पाणी बंद व्हायच्या आत आम्ही पुन्हा उडीवर गेलो. त्या दिवशी आत्याला चालवत नव्हतं, तिला बैलगाडीतून नेलं, आणि गाडी गुलाबरावांची होती. नेत्रा उभी राहिली. डावीकडे गेली. मग कंबर उजवीकडे कलवली आणि क्षणभर काहीच झालं नाही... मग फळीने जणू श्वास घेतला, उजवीकडे झुकली, दबली, आणि उसळून परत मध्यावर आली. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. काळ्या मातीच्या कालव्यात, हरभऱ्याच्या कडेला, एक कोळीण लाटेवर झोके घेत होती आणि काठावरच्या बायांनी टाळ्या धरल्या होत्या. ती खाली उतरायला तयारच नव्हती. शेवटी आत्याच ओरडली, “ये आता, शेतकऱ्याईचं पानी संपवतं का?”

उन्हाळ्यात आत्या समुद्रावर गेली. डॉक्टरांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी आणि बाबा सोबत. नेत्राने दिव्यांगांचा वेगळा गट नाकारून सगळ्या बायांच्या गटात नाव दिलं होतं. पुकारा करणारा माणूस भला होता. माइकवर सांगू लागला की आता येत आहे एक पाय गमावूनही जिद्द न हरलेली... तेवढ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवरून आत्या उठली, वाळूतून त्याच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, “भाऊ, तिचं नाव घ्या. पायाचं घेऊ नोका.” त्याने नाव घेतलं. नेत्रा पहिल्या फेरीत जिंकली. मोठ्या हिरव्या लाटेवर ती उजवीकडे वळली, तिथून वर चढली, आणि लाट फुटायच्या आधी डावीकडे कापत किनाऱ्यापर्यंत आली. पुढच्या फेरीत हरली, आणि हरवणाऱ्या मुलीने, जिचे दोन्ही पाय शाबूत होते, पाण्याबाहेर येताच नेत्राची फळी उलटी करून फिनला हात लावला. “ही कुठे मिळते? मला पण हवी.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. नेत्रा जिंकली तेव्हाही आत्याच्या चेहऱ्यावर ते नव्हतं जे आता होतं. “ऐकलं का?” ती म्हणाली. “तिले दया नाई आली. तिले हेवा वाटला.” मग खुर्चीत बसून तिने मासे-भात मागवला आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

बिचारी म्हणणाऱ्यांनी ते जेवण पाहायला हवं होतं.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. निळी फळी नव्या फिन बसवून पाहायला आमच्याकडे परत आली होती, ती राहिली. आता मागची खोली बाबांची आहे, फिन ते करतात. आत्याची एक सवय होती. नवीन फिन तयार झाली की ती स्वतः तपासण्याआधी ज्याला त्यातलं काही कळत नाही अशा कुणाच्या तरी हातात द्यायची. दूधवाला, पोस्टमन, पंपावर पाणी भरायला आलेली बाई, कुणीही. “वाकवून पाहा. काय वाटते?” आणि तो जे सांगेल ते, कितीही विचित्र असलं तरी, ऐकून घ्यायची. जाणत्या माणसाचा हात आपल्याला हवं तेच शोधतो, असं तिचं म्हणणं.

मागच्या रविवारी मी घरी होते. स्पर्धेत फिन मागणाऱ्या त्या मुलीसाठीची जोडी बाबांनी शिकंज्यातून काढली. डावी, उजवी. कडा घासल्या, फडक्याने पुसल्या. मला वाटलं ते स्वतः तपासतील. ते उठले, चपला घातल्या आणि फिन घेऊन रस्त्यावर गेले. गुलाबराव बैल घेऊन येत होते. बाबांनी त्यांना थांबवलं आणि उलट्या पिळाची फिन त्यांच्या पुढे धरली. काका तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना कोणती ती कळली होती... मग त्यांनी बैलाचा कासरा खांद्यावर टाकला, फिन हातात घेतली, दोन्ही अंगठ्यांनी टोक हळूच वाकवलं, आणि सोडलं.

“काय वाटते?” बाबांनी विचारलं.

काकांनी पुन्हा एकदा वाकवून पाहिलं.

“जित्तं हाय,” ते म्हणाले.